दिपालीच्या रुखवतातलं कपाट

वनिताताईंचा राग सगळ्या सिरसाळ्याला माहीत आहे. बसस्टँडच्या मागे त्यांचं पत्र्याचं शिलाईचं दुकान आहे. तिथे मी नऊ वर्षांपासून पिको-फॉल करते, त्यामुळे हा राग मी रोज बघते. एकदा एसटीत एका माणसाने त्यांच्या सासूला, दगडाबाईंना, "ए म्हातारे, सरक" म्हणून उठवलं होतं. परळी येईपर्यंत ताईंनी त्या माणसाला सीटला टेकू दिलं नाही.

हा राग कुठून आला, तेही मला माहीत आहे. सातवीनंतर त्यांची शाळा बंद झाली, सतराव्या वर्षी लग्न झालं आणि मग सात हंगाम ऊसतोड. कोयता सोडून त्या मशीनवर बसल्या त्या स्वतःच्या हट्टाने. लेक दिपाली नर्स झाली तीही ताईंच्याच हट्टाने. आश्रुबादाजी, म्हणजे ताईंचे मालक, सेंट्रिंगचं काम करतात. माणूस इतका मऊ की कुणी शिवी दिली तरी "असू द्या" म्हणणार.

दिपालीचं लग्न कड्याच्या पवनशी ठरलं. मुलगा नगरला कंपनीत होता. त्याचे वडील विलासराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. सुपारीच्या दिवशी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत ते म्हणाले, "ताई, आपल्यात देणं-घेणं शोभत नाही. मुलगी द्या, बाकी आम्हाला काही नको."

दाजींचे डोळे भरून आले. ताई फक्त म्हणाल्या, "ध्यानात ठेवा म्हंजी झालं."

आजकाल रुखवतसुद्धा भाड्याने मिळतं. थर्माकोलचे महाल, साखरेच्या बाहुल्या आणायच्या, मांडायच्या आणि संध्याकाळी परत करायच्या. ताईंना ते पटेना. "दुसऱ्याचं सामान मांडून कुनाला दाखवायचं? पोरीला उपेगी पडंल असं कायतरी आपल्या हातानं करू."

दिपालीला झुमक्यांची भारी हौस. ऑक्सिडाइजचे, मोत्यांचे, जत्रेतले, सगळे एका बिस्किटाच्या डब्यात गुंतून पडलेले असायचे. तिने मोबाइलवर दागिने ठेवायच्या कपाटाचा फोटो दाखवला. दोन महिने दर रविवारी अख्खं घर त्याच्या मागे लागलं.

दाजींनी सेंट्रिंगच्या प्लायचे उरलेले तुकडे आणले. त्यावर सिमेंट इतकं घट्ट बसलेलं की पॉलिशपेपर घासून घासून त्यांची बोटं सोलली. त्याची चौकट केली, दाराला जुन्या कपाटाचा आरसा बसवला. आत झुमके अडकवायला बारीक तारेची जाळी ताणली आणि हारांसाठी दोन ओळीत खुंट्या ठोकल्या. बांगड्यांसाठी माझ्याकडून अस्तराच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी गेली. ताईंनी तिला मखमल चढवली. मखमलीच्या रंगावरून सासू-सुनेचं दोन रविवार भांडण चाललं. दगडाबाईंना निळाच रंग हवा होता, आणि शेवटी निळाच झाला.

दगडाबाईंचं वय सत्तरीच्या पुढे. बोटं आखडलेली, त्यामुळे सुई धरता येत नाही. पण ब्लाऊजच्या चिंध्या मांडीवर तळव्याने वळून त्यांनी अशा घट्ट वळकट्या केल्या की एकीला एक चिकटवल्यावर मधल्या फटींत अंगठ्या बरोबर उभ्या राहायला लागल्या. कितीतरी वळकट्या त्यांनी स्वतःच उलगडल्या. "न्हाई, ही ढिली झाली," म्हणायच्या आणि पुन्हा वळायला घ्यायच्या. दिपालीने दारावर पिंपळाची पानं रंगवली.

लग्न विहारासमोरच्या मांडवात होतं. एका कडेला टेबलावर रुखवत मांडलं होतं आणि मधोमध ते कपाट, दार उघडं. शेजारी खुर्ची टाकून दगडाबाई बसल्या होत्या. येईल त्या बाईला त्या अंगठ्यांची जागा बोटाने दाखवायच्या.

बाराच्या सुमारास पवनची आत्या, मंजुळाबाई, चार बायका घेऊन टेबलापाशी आली. गळ्यात भरगच्च सोनं. तिने खुंट्यांवरून बोट फिरवलं.

"अगं बया, खुंट्या तर लई केल्यात! पन त्येच्यावर अडकवायला काय दिलं? का नुसतंच लाकूड धाडताय आमच्याकडं?"

बायका खिदळल्या. दगडाबाईंना कमी ऐकू येतं. आपल्या कामाचं कौतुक चाललंय असं वाटून त्याही हसल्या, आणि त्यांनी एक वळकटी बोटाने दाबून दाखवली. "म्या केलंय ह्ये," असं मोठ्याने म्हणाल्या. बायका आणखी हसल्या.

मी ताईंच्या मागेच उभी होते. त्यांच्या मानेची शीर टरारलेली मला दिसली.

"काय म्हनलात?" ताई पुढे झाल्या. "पुन्यांदा म्हना. माझ्या सासूच्या तोंडाकडं बघून म्हना."

तेवढ्यात विलासराव आले. बहिणीला "मंजुळा, गप" म्हणाले, पण हसत हसत. मग ताईंना जरा बाजूला घेऊन मऊ आवाजात बोलू लागले. "ती फटकळ आहे, मनावर घेऊ नका. पण खरं सांगू का ताई, चार लोक विचारतात. सुनेच्या गळ्यात एखादं गंठण दिसलं असतं तर आमचाही मान राहिला असता. अजून वेळ गेलेली नाही. गावात सराफ ओळखीचा असेलच तुमच्या."

मंजुळाबाईचं बोलणं एक वेळ ताईंनी गिळलं असतं. हा गोड आवाज त्यांना सहन झाला नाही.

"तुमची भन बरी!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मंचावर माइक धरून उभे असलेले बौद्धाचार्यही वळले. "ती तोंडावर बोलती. तुमी बाबासायबाच्या फोटोकडं बघून बोललात, काई नको. मंग आज कावून सराफ आठवला? वऱ्हाड दाराशी आल्यावर? पाव्हने जेवायला बसल्यावर?"

"आवाज खाली करा, ताई."

"न्हाई करत! चोरी तुमची, आन आवाज म्या खाली करू?"

पांढऱ्या साडीत दिपाली खोलीतून बाहेर आली. कुणाला काही न विचारता ती सरळ पवनसमोर जाऊन उभी राहिली. तो मित्रांच्या घोळक्यात बसला होता.

"तुझी आत्या माझ्या आजीला हसली. तू ऐकलंस?"

"ऐकलं. पण तू आत जा ना," पवन हळू बोलला. "मोठी माणसं बोलतायत. करतील काहीतरी ॲडजस्ट."

"काय ॲडजस्ट करतील?"

पवन बुटाकडे बघत बसला. दिपाली म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

दाजी धावतच आले. विलासरावांच्या पायाशी वाकणार, तोच ताईंनी त्यांचा दंड धरला. "उभे ऱ्हावा."

"पोरीचं वाटोळं करशील वनिता!" आयुष्यात पहिल्यांदा दाजी बायकोवर ओरडले.

"वाटोळं तिकडं हाय. ह्या मांडवात न्हाई."

बौद्धाचार्यांनी माइक बंद केला. वऱ्हाड न जेवता गाड्यांत बसलं. जाता जाता मंजुळाबाई म्हणाली, "आता बघू ह्या नर्सबाईला कोन करून घेतंय." आमच्याकडची माणसं पत्रावळ्यांसमोर घास हातात धरून बसली होती. ताईंनी वरणाची बादली उचलली आणि पंगतीत शिरल्या. "जेवा. अन्नानं काय गुन्हा केलाय?" वरण पानाबाहेर सांडत होतं, तरी शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांनी बादली खाली ठेवली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. दाजी महिनाभर ताईंशी बोलले नाहीत. दिपाली खोलीचं दार लावून रडायची. बायका सांत्वनाला यायच्या आणि उठता उठता "जरा नमतं घ्यायला पायजे हुतं" म्हणून जायच्या. एकीला तर ताईंनी चपला हातात देऊन घालवलं. काय झालं ते दगडाबाईंना कुणी सांगितलंच नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी त्या वळकट्यांचा विषय परत काढला नाही.

एका दुपारी मशीन थांबवून ताईंनी मला विचारलं, "माया, माझ्या रागानं झालं का गं ह्ये?"

मी म्हटलं, "न्हाई ताई. नको तर दिपालीच म्हणाली." पण ताई गप्प बसल्या असत्या तर दिपाली म्हणाली असती का, हे मलाही सांगता येत नव्हतं. ताईंनी ते माझ्या तोंडावरून ओळखलं. कात्री आपटून त्या म्हणाल्या, "झालं असंल तर झालं असंल!" आणि पुन्हा मशीन चालू केली.

पावसाळ्यात दिपालीची बदली युसूफ वडगावला झाली. तिथे खोली केली तेव्हा कपाट ती आपणहून घेऊन गेली. भिंतीला खिळे ठोकायला दाजी गेले होते.

दिवाळीनंतर विलासराव दोन वडीलधारी माणसं घेऊन दुकानात आले. पवनचं दुसरीकडे कुठे जमलं नव्हतं. एक पाहुणा म्हणाला, "झालं गेलं सोडा. समाज एकच आहे आपला. मुलगा अजून तयार आहे."

ताईंनी मशीनवरचा पाय काढला नाही. "मला एकच सांगा. भन हसत हुती तवा तुमी बी कावून हसलात?"

विलासरावांनी घसा खाकरला. तेवढ्यात दाजी तिघांसाठी चहा घेऊन आले. हा माणूस आता पाय धरणार असं मला वाटलं. दाजींनी कप टेबलावर ठेवले, खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि विलासरावांकडे बघून म्हणाले, "च्या घ्या आन निघा. पोरीचं नाव पुन्यांदा ह्या दुकानात काढू नका."

आवाज चढलेला नव्हता. तिघांनी चहाला हात लावला नाही. ते रस्त्याला लागले तेव्हा कुठे ताईंनी मशीन थांबवली. मला वाटलं, नवऱ्याला काहीतरी चांगलं बोलतील.

"असल्यांना च्या कावून आनला?" ताई कडाडल्या. "दूध काय फुकट येतंय का?"

दाजी एका बाकड्यावर बसले आणि त्यातला एक कप उचलून स्वतःच प्यायला लागले.