तेहतीस नंबरची चिठ्ठी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात नागपूर शहराच्या हद्दीत शास्त्राविरुद्ध एक गुन्हा घडला होता. गुन्हेगार जागीच पकडला गेला, पण त्याला शिक्षा झाली नाही. तो आता सत्तरीला टेकला आहे, रोज सकाळी तर्री-पोहे खातो, वरून थोडी तर्री मागून घेतो, आणि या क्षणी हातात पेन घेऊन तुमच्यासमोर बसला आहे. जनतेने घाबरून जाऊ नये.

मी तेव्हा नुकताच एम.ए. होऊन विद्यापीठाच्या एका विभागात चिकटलो होतो. पदाचं नाव होतं क्षेत्रीय अन्वेषक. आई हे नाव पाहुण्यांना इतक्या ठसक्यात सांगायची की त्यांना मी बंदूक बाळगतो असं वाटायचं. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला शबनम पिशवी असे, पिशवीत छापील फॉर्म, आणि एका हातात गेरू कालवलेला डालड्याचा डबा. नागपूरचा मे महिना, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि हा अन्वेषक दारोदार जाऊन विचारतो आहे, "आपण या शहरात कधी आलात?" लोक म्हणत, "तुम्ही आधी सावलीत या."

अभ्यासाचा विषय होता खेड्यातून शहरात आलेली माणसं कशी राहतात. त्यासाठी सक्करदऱ्याच्या तलावापलीकडची एक वस्ती निवडली होती. फॉर्म अठरा पानांचा. शेवटच्या पानावर प्रश्न होता, "आपल्या मते शासनाने काय करावे?" आणि उत्तरासाठी दोन बोटं जागा. शासनाने यापेक्षा जास्त काही करावं असं कोणी सुचवू नये, अशी ती व्यवस्था असावी.

आमचे सर पुण्याकडचे. विद्वान आणि प्रेमळ माणूस, पण एक मोठं व्यंग होतं: त्यांना खोटं बोलता येत नसे. कोणाच्या घरचा चहा वाईट असला तर "चहा वाईट झालाय" असं सांगून पूर्ण कप प्यायचे. त्यांच्या कपाटात खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक होतं. पानोपान नुसते आकडे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सर हात धुऊन ते पुस्तक काढायचे, डोळे मिटून पानावर पेन्सिल टेकवायचे, आणि तिथून पुढे जे आकडे येतील ती घरं आमची. "इथे माणसाची मर्जी संपते," ते म्हणायचे. एकदा घर निवडलं की निवडलं. घरी कोणी नसेल तर पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा, पण शेजारच्या घरात शिरायचं नाही. शेजारच्या घरात शिरणं म्हणजे शास्त्राशी बेइमानी.

तर मी वस्तीतल्या सगळ्या दारांवर गेरूने नंबर टाकले, पुस्तकाने आपला कौल दिला, आणि बत्तीस नंबर निवडला गेला.

बत्तीस नंबरमध्ये लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक गृहस्थ राहत होता. मे महिना म्हणजे लग्नसराई. मी गेलो की एक तर तो वरातीत, नाही तर वरातीतून येऊन आडवा. एकदा सापडला तेव्हा पायजम्यावर, अंगात बँडचा लाल कोट. म्हणाला, मले काही इचारू नका, माह्यं डोकं फुटून राहिलं. मी म्हटलं, तुमची निवड झाली आहे. तो म्हणाला, मी अर्ज केलाच नव्हता.

आणि बत्तीसच्या भिंतीला भिंत लावून तेहतीस नंबर. नाल्याच्या काठाचं शेवटचं घर. तिथे विड्या वळणारी एक मावशी एकटीच राहायची. नवरा-बायको उमरेडहून आलेली. तिकडे हातमागावर लुगडी विणायचे, माग थांबला तशी दोघं एसटीत बसून नागपूरला आली. पुढे नवरा गेला, ही राहिली. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि हाताकडे न बघता ती विडी वळायची. त्यामुळे डोळे मोकळे असायचे, आणि ते डोळे माझ्यावर.

वस्तीत बातमी होती की नाल्याच्या काठाने रस्ता निघणार आणि काठची घरं जाणार. त्यात मी लाल नंबर टाकत फिरलेलो. वस्तीने दोन्ही गोष्टी जोडल्या: ज्यांचं साहेब लिहून घेईल त्यांना दुसरीकडे जागा मिळेल, बाकीच्यांनी आपलं पाहावं. आता रस्ता आला तर पहिलं घर कोणाचं जाणार, हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही. तेहतीस नंबरचं.

"मले काहून नाही इचारत, भाऊ?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

मी तिला फॉर्मची पहिली ओळ वाचून दाखवली. ती प्रत्येकाला वाचून दाखवावीच लागे: ही माहिती केवळ अभ्यासासाठी आहे, यातून कोणालाही कोणताही लाभ मिळणार नाही. मावशीने समजूतदारपणे मान हलवली. तुम्हाले असं म्हणाच लागते, मले समजते, असं म्हणाली. सरकारी माणूस आधी नाही म्हणतो, मग देतो, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी तिने तोडगा काढला. क्लॅरिनेटवाल्याशी बोलून ती त्याच्या घरात बसायला तयार होती, एका दिवसापुरती. तोही आनंदाने तयार होता. ज्याला सांगायचं नाही तो बत्तीसमध्ये, जिला सांगायचं आहे ती तेहतीसमध्ये, मधे चार बोटं जाडीची कुडाची भिंत आणि सरांचं पुस्तक. मी म्हटलं, मावशी, असं चालत नाही. तिने विचारलं, कोणाले चालत नाही? मी डोक्याचा दुपट्टा सोडून पुन्हा गुंडाळला.

आणि मग मला प्रतिभेचा झटका आला.

त्या वस्तीत बायकांची भांड्यांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, टाकायच्या, एक उचलायची, जिचं नाव निघेल तिला स्टीलचा डबा नाही तर परात. मावशी या भिशीची प्रमुख. मी सूप बाजूला सारून तिच्यासमोर बसलो आणि भर दुपारी अभिनयासकट समजावलं: हा आमचा गंज. या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या. सरांनी डोळे मिटले, हात घातला, बत्तीस निघाली. यात सरांचा दोष नाही, तुमचा नाही, माझा तर नाहीच.

तिचा चेहरा उजळला. "अशी भिशी आहे होय. मंग आधी नाही का सांगायचं, बाप्पा."

मी तरंगत विभागात गेलो. सरांना सांगितलं तर ते एवढे खूश झाले की दुसऱ्या अन्वेषकांना बोलावून म्हणाले, शास्त्र लोकांच्या भाषेत असं न्यायचं असतं. आयुष्यात सरांनी माझी तेवढी एकदाच स्तुती केली, म्हणून ती मी जपून ठेवली आहे. ती किती चुकीची होती हे आठवडाभराने कळलं.

क्लॅरिनेटवाल्याच्या शोधात मी पुन्हा वस्तीत गेलो, तर पिंपळाखाली वीस-पंचवीस बायका जमलेल्या. कोणाची वेणी ओली, कोणी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. सगळ्यांच्या पुढे मावशी, आणि तिच्या हातात गंज. गंजात चिठ्ठ्या. मागच्या खेपेला निघालेले नंबर वगळून बाकी वस्तीच्या.

कारण भिशीत, वाचकहो, पाळी सगळ्यांची येते. उशिरा येते, पण येते. जिची चिठ्ठी एकदा निघाली ती गंजातून बाहेर, उरलेल्या आत. मावशीने सगळ्यांना पटवून ठेवलं होतं की पहिली सोडत झाली, आता दुसरी, मग तिसरी, भांडू नका वं, सर्वाईचा नंबर लागन. शांतता आणि शिस्त अशी, की आमच्या विभागाच्या बैठकीला लाज वाटावी.

मी त्या गंजाकडे बघत उभा राहिलो. दुसरी सोडत नसते, एवढंच सांगायचं होतं. विद्यापीठात एम.ए.ला दोन वर्षं होती. त्यात कुठेही शिकवलं नव्हतं की पंचवीस धुतलेल्या चेहऱ्यांना नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, आज नाही, सरांना विचारून सांगतो. गंज पुन्हा झाकला गेला. एकीनेही तक्रार केली नाही. त्याने तर मी आणखीच खचलो.

मावशी माझ्या मागे रस्त्यापर्यंत आली. नाल्यापाशी थांबून तिने आपल्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी गुन्हा केला.

तिच्या दारात बसलो, कोरा फॉर्म काढला, वर लिहिलं: घर क्रमांक तेहतीस. अठरा पानं भरली. तिने उत्तरं पाठ केली होती. प्रश्न अर्धा होण्याआधी उत्तर यायचं, कारण आजूबाजूच्या चार घरांच्या दारात मी तेच विचारताना तिने ऐकलं होतं. शहरात कधी आलात, कशासाठी आलात, पूर्वीचा व्यवसाय कोणता. माग कसा चालायचा हे फॉर्ममध्ये नव्हतं, तरी तिने सांगितलं, हात हवेत चालवून. शेवटचा प्रश्न आला, शासनाने काय करावे. तिथे मात्र ती पहिल्यांदा थांबली. मग म्हणाली, लिव्हा, राहू द्यावं. मी लिहिलं. दोन बोटं जागेत ते दोन शब्द बसले आणि वर जागा उरली. तिने फॉर्मवर अंगठा उमटवायची तयारी केली; मी म्हटलं, अंगठा लागत नाही. तिला ते आवडलं नाही.

तो फॉर्म माझ्या पिशवीत तळाशी राहिला. विभागात देता येईना, फाडता येईना. घरी आईने एकदा पिशवी झटकली तर मी असा धावलो की तिला प्रेमपत्राचा संशय आला.

मुहूर्त संपले आणि क्लॅरिनेटवाला जमिनीवर आला. त्याच दिवशी तपासणीसाठी सरही वस्तीत आले, स्कूटरवर, डोक्याला उन्हाची हॅट. बत्तीसच्या दारात खाट टाकली गेली. एका टोकाला सर, एका टोकाला क्लॅरिनेटवाला, मधे मी, फॉर्म क्रमांक बत्तीस गुडघ्यावर. शास्त्र आपल्या वाटेने चाललं होतं. एवढ्यात भिंतीपलीकडून मावशी चहा घेऊन आली. पदर सारखा करून सरांना म्हणाली, "साहेब, यायनं माह्यं बी लिवून घेतलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे पाहिलं. मग फॉर्म काढून दिला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

सरांनी चहाचा कप खाली ठेवून उभ्या उभ्या अठराही पानं वाचली. शेवटचं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. तोवर बायका जमल्या होत्या, आणि एकीच्या हातात गंजही होता. सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं; मी मान खाली घालून उभा राहिलो असतो, वस्तीने माझी बाजू घेतली असती, गोष्ट तिथेच मिटली असती. पण ते मावशीकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "हा फॉर्म धरता येणार नाही."

मावशीने शांतपणे विचारलं, मग दुसऱ्या सोडतीत धराल का. सर म्हणाले, दुसरी सोडत नाही. तिने विचारलं, पुढच्या महिन्यात. सर म्हणाले, कधीच नाही. क्लॅरिनेटवाला मधेच उठून म्हणाला, साहेब, माह्या जागी यायलेच द्या ना, मी लेखी देतो. सरांनी नुसता हात केला आणि तो बसला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. भिशीची उपमा माझी, फॉर्मवरचं अक्षर माझं, दारावरचा गेरूसुद्धा माझा. मी गुडघ्यावरच्या बत्तीस नंबरच्या फॉर्मचे कोपरे सरळ करत राहिलो.

मावशी एकदा माझ्याकडे, एकदा त्या फॉर्मकडे बघत होती. मग क्लॅरिनेटवाल्याकडे बोट करून तिने सरांना सरळ विचारलं.

"मंग यायचं लिवलं, त्यायले तरी जागा भेटन का, साहेब?"

दुसरा कोणीही असता तर म्हणाला असता, बघू, वर कळवतो, प्रयत्न करू. सरांनी हॅट काढली. टक्कल घामाने चमकत होतं.

"नाही," ते म्हणाले. "यांनाही नाही. कोणालाच काही मिळणार नाही. आम्ही फक्त लिहून नेतो."

गंज धरलेल्या बाईने तो खाली ठेवला. मावशीने क्लॅरिनेटवाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जणू इतके दिवस त्याच्या डोक्यावर असलेलं काहीतरी आत्ता उतरलं होतं. आणि तिचा चेहरा, मी शपथेवर सांगतो, मोकळा झाला. सरांसमोरचा कप उचलून तिने पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलून गेली:

"असं आहे होय. मले वाटलं, एकट्या मलेच भेटून नाही राहिलं."