वैमानिकाच्या डुलकीचा अर्ज
स्थळ इंदापूर कचेरीसमोरील लिंबाखाली. अर्जदार एक वैमानिक, साक्षीदार त्यास घेऊन आलेला गाडीवान, अर्जनवीस मी स्वतः. अर्जावर मोहर लावायच्या लाखेचा वास आला की स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेला तो प्रसंग आठवतो. अर्जदाराची नोकरी जाणार होती. विमान आपोआप सरळ नेणाऱ्या यंत्रावर भिस्त ठेवून त्याने डुलकी घेतली, वारा फिरला आणि विमान भलतीकडेच जाऊन इंदापूरच्या माळावर उतरले. मी ऐटीत लिहिले, ‘कसूर सर्वस्वी यंत्राची.’ गाडीवान हसला. “रावसाहेब, माजी बैलंबी आपसूक घरी जात्यात. पर वाटंत नवा पाट खणलाय, ह्ये त्यास्नी कुणी सांगावं? मी निजलो, गाडी पाटात! बैलांवर अर्ज करू व्हय?” वैमानिक म्हणाला, “ते वाक्य खोडा.” माझे वाक्य तोवर कोणी खोडविले नव्हते. मी खोडले. पुढे त्याची नोकरी राहिली की गेली, कळले नाही. यंत्र चुकले नाही, माणूसही यंत्रावर विसंबूनच निजला. तर त्या खोडलेल्या जागी काय लिहावयाचे होते, याचा जाणकारांनी लेखी खुलासा करावा, ही विनंती.