झेंडूखालचा संगणक

कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवून महिने लोटले. आज जाऊन बघते तर संगणकावर प्लास्टिकचं कव्हर, वर दसऱ्याचा वाळलेला झेंडू.

"मॅडम, तुमचं काम फसलं. तुमच्या ऑफिसला तसं कळवतोय," कारखान्याचे शेठ म्हणाले.

"चालवून पाहिलंत कधी?"

"छे, हात लावला आणि बिघडलं म्हणजे? पूजा मात्र चुकवली नाही हं!"

डोकंच फिरलं माझं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तीही अशीच फ्रेम करून देवांशेजारी टांगली आणि नोकरीचं नाव काढताच सगळे म्हणाले, "कशाला ती दगदग?" एकदा हार घातला की वापरायची जबाबदारी संपली!

मी झेंडू उचलला, कव्हर ओढून काढलं.

"बसा शेठ. आज आलेल्या मालाची नोंद यात तुमच्या हातानं करा. बिघडलं तर मी आहे."