साडूंचं दुसरं सिलेंडर

माझ्या साडूंइतका देशाचा भार वाहणारा माणूस अख्ख्या काशीत झाला नसेल. आणि तो भार ते नुसता चहा करून वाहत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा गॅसचा नंबर लागला, तोही दोन सिलेंडरांचा. माझा मात्र वर्षानुवर्षं लागतच होता. दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या खिडक्या समोरासमोर. काडी ओढण्याआधी ते खिडकी सताड उघडत, निळी ज्योत मला दिसावी म्हणून. "पंत, एका चहामागे मिर्झापूरकडचं एक झाड वाचलं!" पुरण शिजलं की देशाचं रॉकेल वाचे, खीर केली तर गंगेवरची हवा सुधारे. नवं सिलेंडर माणसाच्या खांद्यावरून गल्लीत शिरलं की हे पुढे धावत, "हटो भैया, देश की संपत्ति है!" मग सिलेंडरला हळदकुंकू.

इकडे माझी बायको कोळशाच्या शेगडीवर फुंकर घालून डोळे लाल करून घेई, आणि मी साडूंवर जळत बसे. शेवटी राहवलं नाही. मी पडलो भिक्षुक, एका श्राद्धाच्या पंगतीत ठणकावून सांगितलं, "गॅसवरचा नैवेद्य शास्त्राला चालत नाही." असं कुठल्याही पोथीत नाही. पण साडूंचा चेहरा उतरला. तेव्हापासून त्यांच्या घरचा नैवेद्य कोळशावर होऊ लागला, आणि त्यांच्या खिडकीतला धूर पाहून मला फार बरं वाटे.

मग डॉक्टरांनी बायकोला बजावलं की धूर सोडा, नाहीतर डोळे जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू स्वतःच्या खांद्यावर दुसरं सिलेंडर घेऊन आमचा जिना चढले. मागे मेव्हणी, हातात जादाची गॅसची शेगडी. धापा टाकत त्यांनी विचारलं, "पंत, शास्त्राची अडचण आहे खरी. पण ताईंच्या डोळ्यांसाठी काही प्रायश्चित्त निघेल का?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"गंगाजल शिंपडलं की चालतं," मी पुटपुटलो.

"अरे वाह! मग आमच्याकडेही शिंपडा ना, आत्ताच चला."

त्यात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. मी गेलो, शिंपडलं. खरं काही सांगितलं नाही. पुढे त्यांचं एकुलतं सिलेंडर संपलं की नवं येईपर्यंत तिकडे धूर निघे आणि खोकत खोकत ते ओरडत, "पंत, आज एक झाड गेलं!"

साडू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमचा नंबर लागला, सिलेंडर आमचं स्वतःचं आहे. तरी बायको त्याला भावोजींचा गॅसच म्हणते. मी अजूनही जळतो. पण सकाळी काडी ओढण्याआधी त्यांच्या खिडकीसमोरची आमची खिडकी मीच उघडतो.