बऱ्या झालात, घरी जा!

आम्ही दोघी-तिघी रिटायर्ड नर्सेस भेटलो, की कॉफी गार होते आणि किस्से काही संपत नाहीत. एक काढला की त्याच्या मागून चार येतात. आजारी माणूस घाबरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मद्रासच्या आमच्या बायकांच्या वॉर्डात मात्र बाई बरी झाली, की खरी घाबरायची! ती कॉट सोडायची नाही, आणि तिच्या जागेची वाट बघत दुसरी व्हरांड्यात चटईवर तळमळायची.

मग डॉक्टर शेषाद्री आले. आल्या आल्या हुकूम काढला, "बरी झालेली बाई बाराच्या आत घरी!"

*

पहिल्याच राऊंडला ते टायफॉइडमधून उठलेल्या एका म्हातारीला हसून म्हणाले, "पाटी, आता घरी जा." पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी.

म्हातारीनं हंबरडा फोडला. पाठोपाठ सुनेनं. त्या काळी पेशंटची आशा सुटली, की डॉक्टर "घरी न्या" म्हणायचे ना!

"किती दिवस उरलेत, खरं सांगा."

"अहो, तुम्ही बऱ्या झालात!"

"आमच्या ह्यांनाही असंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर म्हणायला लागले, "पाटी, उद्यापासून स्वयंपाकाला लागा!"

*

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाल, घराबाहेर पाऊल टाकायला अशुभ. डॉक्टरांचा राऊंड संपायचा नेमका साडेदहाला. सहा बायका साडी नेसून, बोचकं मांडीवर घेऊन बसलेल्या. एकही उंबरा ओलांडेना. डॉक्टर लालबुंद.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर कमळाबाई, तंजावरच्या मराठी घरातल्या. शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, राहुकाल काही हलायचा नाही. तुम्हीच हला."

पुढच्या शुक्रवारी राऊंड सकाळी सात वाजता!

*

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली एक शिक्षिका होती. टाके काढून आठ दिवस झाले, तरी पोट दोन्ही हातांनी धरून बसायची. "बसच्या धक्क्यानं उसवलं तर?" कमळाबाईंनी मला तिच्याबरोबर घरापर्यंत पाठवलं. बाई सारा रस्ता डोळे मिटून माझा हात आवळून. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या पोटाकडे बघायची! खरंच काही झालं, तर मी एकटी काय करणार होते?

घर आलं. ती टुणकन उतरली. पोट शाबूत. फुटपाथवर बसून ओकले ती मी!

*

एका सकाळी मद्रासजवळच्या कोवलमची एक कोळीण दम्यानं बेजार होऊन आली. कॉट रिकामी नव्हती. ओठ निळे पडत चालले होते, आणि व्हरांड्यात जमिनीवर तिला ऑक्सिजन लावायचा कसा? नऊ नंबरच्या कॉटवरच्या आजी सकाळीच डिस्चार्ज झालेल्या, पण न्यायला येणारा जावई अंबत्तूरच्या कारखान्यात. तो सुटणार संध्याकाळी. त्यांना उठवायचं धाडस मला होईना.

आजी आपणच उठल्या. बोचकं उचललं, दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "वाट काय, बसूनही बघता येते. तिला निजवा."

कोळीण वाचली. कमळाबाईंनी त्याच आठवड्यात दाराशी बाक टाकला. डिस्चार्ज झाला, की बाकावर! डॉक्टरांच्या हुकमानं झालं नव्हतं, ते त्या बाकानं केलं.

*

आणि सरोजा. स्टोव्हनं भाजून आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. जखमा भरल्या. पण डिस्चार्जचा दिवस आला, की ताप! एकदा तर पारा एकशे आठवर. थर्मामीटर गरम कॉफीत बुडवला होता!

डॉक्टर गरजले, "व्हरांड्यात बायका पडल्यात आणि हिची नाटकं!"

सरोजानं चादर तोंडावर ओढून घेतली. कमळाबाई डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "नवरा न्यायला येणार, त्याच दिवशी ताप येतो. आणि स्टोव्हनं कुणाची पाठ भाजते का, डॉक्टर?"

तेवढ्यात नवरा आलाच. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं गोड. "बरी दिसते की. नेतो मी." सरोजानं माझा पदर घट्ट धरला.

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं थर्मामीटर लावला. काढून उजेडात धरला. मी शेजारीच होते. पारा अठ्ठ्याण्णववर.

त्यांनी चार्टवर लिहिलं, एकशे दोन. "आज नाही नेता येणार."

नवरा गेल्यावर म्हणाले, "हिच्या भावाला तार करा."

भाऊ कुंभकोणमहून चौथ्या दिवशी पोचला. सकाळी सात वाजता सरोजा त्याच्याबरोबर गेली. नऊ वाजता नवरा आला. कॉटवर दुसरीच बाई बघून त्याचा आवाज चढला, "कुठंय ती? तिला ताप होता ना?"

डॉक्टरांनी चार्टवरून मान वर केली नाही.

"होता. आज सकाळी सातला उतरला."