थांबा सरांची रेघ

आमच्या मसोलीच्या कारखान्यात कुणी चिकूच्या फोडी घाईने यंत्रात ओतायला लागलं की मागून आवाज यायचा, ‘थांबा!’ म्हणून त्यांचं नावच थांबा सर पडलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. चिकू लवकर सुकावा म्हणून विजेच्या झटक्यांचं ते यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं. रोज सकाळी आधी यंत्र पुसायचे, मग चष्मा.

झटका पापणी लवायच्या आतला. त्याने फोडीतल्या पेशींच्या पडद्याला बारीक भोकं पडतात आणि पाण्याला वाट मिळते. पण सरांचा सगळा जीव दोन झटक्यांमधल्या वेळेत. ‘मध्ये दम घेऊ दिलात तर पडदा हवा तेवढाच उघडतो. एकावर एक हाणलेत तर फोड तापते, मग काही उरत नाही.’ फोड अंगठ्याने दाबून बघायचे. ‘हिला घाम फुटला पाहिजे, रडू नये.’ आम्ही बायका पदरात तोंड घालून हसायचो.

सर लग्नाला गेले होते त्या दिवशी यंत्र बघायला व्यापारी येणार होते. शेठ डोक्यावर उभे. ‘सुमनबेन, जल्दी करो ने! तुमच्या सरांच्या थांबा-थांबामध्ये दिवस जाणार.’ ते दाराशी वळले तसं झटके भराभर पडावेत म्हणून मी वेळेचं बटण सरांनी आखलेल्या लाल रेघेपुढे सारलं. व्यापाऱ्यांसमोर ट्रेमधून लगदा निघाला. ते गेल्यावर मी बटण गुपचूप रेघेवर आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांदेखत सरांना फैलावर घेतलं. सरांनी मला बाजूला बोलावलं. ‘सुमन, बटणाला हात लावला होतास का?’ घरात कमावणारी मी एकटी. म्हटलं, ‘नाही.’ सरांनी वाकून बघितलं, बटण रेघेवरच होतं. ‘मग माझंच गणित चुकलं,’ म्हणाले आणि डबा उचलून गेले. परत आले नाहीत. वारले तेव्हाही मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

यंत्र आजही त्याच रेघेवर चालतं. शेठ पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवतात, सरांचं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही.

परवा वाणगावच्या बाजारात काकू, सरांच्या पत्नी, भेटल्या. म्हणाल्या, ‘शेवटपर्यंत वही घेऊन तेच गणित करत बसायचे गं. चूक काही सापडली नाही त्यांना. तुम्हा लोकांना तरी सापडली का?’

‘नाही,’ मी म्हटलं.