पावण्याचे परराष्ट्रमंत्री

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चिनी लोकांशी व्यवहार कसा करावा, यावर मी ठिकठिकाणी भाषणं देतो, आणि त्यांतलं एकही वाक्य माझं नाही. सगळी एका गृहस्थांची आहेत. त्यांची नोकरी माझ्या एका शब्दाने गेली.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या पावण्याच्या आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत. मी प्रॉडक्शनला, ते परचेसला. चीनला ते एकदाच जाऊन आले होते, पण परतल्यापासून कुठलीही वस्तू दोन्ही हातांनी, किंचित वाकून द्यायचे. व्हिजिटिंग कार्डाचं समजू शकतो. हे स्टेपलरसुद्धा तसाच द्यायचे. गेटवरचा गाववाला वॉचमन विचारायचा, "मंत्री, आज कोन येनार हाय?" सगळा कारखाना त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणे आणि त्यांना ते मनापासून आवडे. असा एखादा तज्ज्ञ तुम्हीही तुमच्या ऑफिसात सोसला असेल.

"चिनी माणूस यस म्हणाला म्हणजे ऐकलं म्हणाला. हो म्हणाला नाही," ते बजावायचे. शेठ त्यावर म्हणायचे, "आणि तुम्ही यस म्हणता तेव्हा?"

"मी ऐकतही नाही, शेठ."

चिनी पाहुण्यांना ते हॉटेलात न नेता नेरुळच्या आपल्या घरी जेवायला नेत. एकदा मीही होतो. मिस्टर लिन नावाच्या इंजिनिअरने पापलेटचा तुकडा ताटात ठेवून हात आवरला. वहिनींचा चेहरा उतरला. हे आत जाऊन समजावू लागले, "अगं, उरलं म्हणजे पोट भरलं. तो तुझा मान आहे."

"मान ठेवा तुमच्यापाशी. पापलेटचे भाव माहितीयत का?"

याच लिनच्या कंपनीकडून आम्ही झाकणांचा नवा साचा मागवला होता. पैसे आगाऊ दिलेले. साचा आला आणि झाकणं बसेनात. लिनना बोलावून घेतलं. मी रात्रंदिवस मापं घेतली. आमचं ड्रॉइंग बरोबर होतं, एक माप त्यांनीच चुकवलं होतं. मी धावत मंत्र्यांकडे गेलो.

"सापडलं ना? आता खिशात ठेवा, इंजिनिअरसाहेब. जेवताना मी त्याच्याशी एकटा बोलतो. चारचौघांत त्याची चूक काढलीत तर तो नवा साचाही देणार नाही आणि परत तोंडही दाखवणार नाही."

मी मान डोलावली. पण मीटिंगमध्ये शेठ समोर होते, पुरावा हातात होता आणि वय तिशीचं होतं. मी ड्रॉइंग टेबलावर आपटलं आणि इंग्रजीत म्हणालो, "चूक तुमची आहे, मिस्टर लिन."

लिनसोबत आलेल्या दुभाषी मुलीने ते भाषांतरित केलंच नाही, पण आपटलेलं ड्रॉइंग पुरेसं होतं. लिननी फाइल मिटली. मग ती हळूच म्हणाली, "विमानतळासाठी गाडी मिळेल का?"

तेव्हा मंत्री उठले आणि इंग्रजीतच म्हणाले, "शेठ, चूक यांची नाही. मी घाईत जुनं ड्रॉइंग पाठवलं होतं."

शेठ सगळ्यांसमोर कडाडले, "डोकं कुठे असतं तुमचं?" मंत्री खाली मान घालून उभे राहिले. हे मात्र दुभाषी मुलीने लिनना सांगितलं. त्यांनी मंत्र्यांकडे पाहत फाइल पुन्हा उघडली आणि नवा साचा फुकट पाठवायचं कबूल केलं.

म्हणजे शेठच्या दृष्टीने हिशेब सोपा झाला: चिनी माणूस दिलदार आणि आपला माणूस गाढव.

लिन गेल्यावर मंत्री मला म्हणाले, "उद्या शेठना खरं सांगू. तुम्ही सोबत या, म्हणजे त्यांना पटेल." पण शेठनी आधी मला एकट्यालाच बोलावलं. "ड्रॉइंग खरंच जुनं होतं काय रे?" खरं सांगितलं असतं, तर मी कुणाचा सल्ला धुडकावून साचा घालवत होतो, हेही सांगावं लागलं असतं.

"असेल, शेठ," मी म्हणालो.

त्यानंतर मंत्र्यांचं कोण ऐकणार? महिनाअखेर त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. चिनी माणूस त्यांना पुरता कळला होता. आपली माणसं ओळखायला मात्र चुकले. परचेस माझ्याकडे आलं. चीनच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर वेळी जेवताना लिन विचारायचे, "तुमचे ते थोर सहकारी आता कितव्या मजल्यावर बसतात?" एवढं सांभाळून घेणाऱ्या माणसाला कंपनीने डोक्यावर घेतलं असणार, अशी त्यांची खात्री होती. मी "मजेत आहेत" म्हणायचो आणि ते त्यांच्या नावाने पेला उंचवायचे. मीही उंचवायचो.

मंत्र्यांनी पुढे सीवूड्सला स्टेशनरीचं दुकान टाकलं. एकदा मी मुद्दाम गेलो. "काय हो, भाषणं देता म्हणे?" त्यांनी हसून विचारलं. मी त्या मीटिंगचं सांगायला सुरुवात केली, तर दुकानातली गिऱ्हाइकं बघून म्हणाले, "असू दे. चहा घेणार?" माझी लाज राखायला त्यांना तिथेही जमलं. 'असेल' हा शब्द त्यांच्या कानावर गेला होता की नाही, मला कधीच कळलं नाही. वर्षभरात ते गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो.

शेठ थकलेत, पण आहेत. जुन्या लोकांच्या जेवणावळीत अजूनही "त्या जुन्या ड्रॉइंगवाल्या"ची गोष्ट रंगवून सांगतात, सगळे हसतात. वहिनीही आहेत, त्यांनाही तेवढंच माहीत आहे. त्या दोघांना, त्याच सगळ्यांसमोर, ड्रॉइंग बरोबर होतं आणि मला ते ठाऊक होतं, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.